तुमचे प्रश्न: थर्माकोलच्या डब्यातून आलेलं प्रोस्टेटचं प्रोटीन

मागच्या अंकात पीएसए टेस्टवर (प्रोस्टेटच्या तपासणीसाठी रक्तातलं एक प्रोटीन मोजतात ती) मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, तर त्यावर इतके मेसेज आले की संपादक म्हणाले आता अख्खं सदर त्यालाच देऊन टाका. त्यातले निम्मे "रिपोर्टचा फोटो पाठवते, बघून सांगा" असे होते. ते मी करत नाही. मी डॉक्टर नाही, बायोकेमिस्ट्री शिकवते, आणि त्याआधी बरीच वर्षं लॅबमध्ये पिपेट धरून उभी होते. रिपोर्ट असेल तर आपल्या डॉक्टरांकडे नाहीतर बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या युरॉलॉजीच्या ओपीडीत जा. बाकीचे प्रश्न मात्र झकास आहेत, त्यातले सहा घेतलेत.

प्रश्न: माझी मुलगी एमएस्सी करून पुण्यात कॅन्सरवर काम करणाऱ्या एका लॅबमध्ये प्रोजेक्टवर लागली आहे. परवा फोनवर म्हणाली, "आई, आज आमचं माणसाचं प्रोस्टेटचं प्रोटीन आलं, रिकॉम्बिनंट." मी विचारलं कोणाचं गं, तर हसत सुटली. हे पेशंटच्या अंगातून काढतात का? तिला हाताळताना काही होणार तर नाही ना? सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. – एक आई, साखळी

ताई, मुलगी हसली कारण त्या प्रश्नाचं उत्तर "कोणाचंच नाही" असं आहे, आणि ते फोनवर समजावून सांगायला तिला अर्धा तास लागला असता. मी सांगते.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाच्या खाली मोठ्या आवळ्याएवढी ग्रंथी, आणि ती जी प्रोटीन्स बनवते त्यातलं सगळ्यात गाजलेलं म्हणजे पीएसए, प्रोस्टेट स्पेसिफिक अँटिजेन. शास्त्रज्ञांच्या यादीत त्याचं दुसरं नाव केएलके-३. नावात अँटिजेन आहे म्हणून ते काहीतरी रोगाचं वाटतं, पण काम एकदम घरगुती आहे, वीर्य बाहेर आल्यावर आधी जेलीसारखं घट्ट होतं आणि मग पंधरा-वीस मिनिटांत पातळ होतं, ते पातळ करणारी कात्री म्हणजे पीएसए. (संपादकांनी हे वाक्य कापलं नाही तर त्यांचे आभार.) ज्या प्रोटीनला ते कापतं त्याचं नाव सेमिनोजेलिन. म्हणजे पीएसए हे कॅन्सरचं प्रोटीन नाही, प्रोस्टेटचं आहे, तुमच्या मिस्टरांच्या अंगात आहे, शेजारच्या भटजींच्या अंगातही आहे.

आता १९७९ साली अमेरिकेत बफेलोच्या रॉसवेल पार्कमध्ये हे पहिल्यांदा शुद्ध करून वेगळं काढलं तेव्हा ते खरोखर माणसाच्या प्रोस्टेटच्या टिश्यूमधूनच काढलं होतं, त्यामुळे तुमचा प्रश्न अजिबात येडा नाही. पण १९८७ मध्ये त्याचा जीन कॉपी करून वाचला गेला आणि तिथून पुढे माणसाची गरज राहिली नाही. तो जीनचा तुकडा प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या रिंगमध्ये बसवायचा, ती रिंग दुसऱ्या कुठल्यातरी पेशीत सोडायची, आणि ती पेशी आपलं काम सोडून हे प्रोटीन बनवत बसते. तेच रिकॉम्बिनंट. घरात कोणी इन्सुलिन घेत असेल ना, ते माणसाचं इन्सुलिन १९८२ पासून असंच बॅक्टेरियात बनून बाजारात येतंय, आणि हिपॅटायटिस बीची लस यीस्टमध्ये. तुमच्या मुलीलाही लहानपणी ती टोचली असणार बहुतेक. तेव्हा सासूबाईंना इन्सुलिनवरून सुरुवात करून सांगा, पटेल.

पेशी कुठली वापरली याने फरक पडतो, आणि इथे मला आपलं जत्रेचं नाटक आठवतं. संहिता एकच, पण एका गावचं मंडळ नुसत्या लेंग्या-शर्टात साध्या तालमीसारखं उभं राहतं आणि दुसऱ्या गावचं मंडळ मुकुट, शेला, दाढी-मिशा सगळं लावून. ई. कोलाय हा बॅक्टेरिया म्हणजे पहिलं मंडळ: स्वस्त, भराभर, पण माणसाच्या पेशी प्रोटीनवर साखरेची जी साखळी चढवतात ती त्याला चढवता येत नाही. पीएसएवर अशी साखळी एकाच जागी असते. यीस्ट ती चढवतं पण स्वतःच्या आवडीची, मॅनोज नावाच्या साखरेचा नुसता भडिमार, आपल्याकडे सुरेत, म्हणजे माडीत, जे यीस्ट फसफसतं त्याचीच लांबची भावकी ही, त्यामुळे हात सैल असायचाच. खरा पोशाख हवा असेल तर माणसाच्याच पेशी लागतात, आणि त्यासाठी पुष्कळ लॅब एचईके-२९३ नावाच्या पेशी वापरतात. लपवत नाही, या पेशींची सुरुवात नेदरलँड्समध्ये १९७३ साली भ्रूणाच्या किडनीच्या पेशींपासून झाली, पण तेव्हापासून त्या काचेच्या आणि प्लास्टिकच्या बाटल्यांतच वाढतायत. कुठल्या पेशंटला त्यासाठी कोणी हात लावत नाही.

आलेला डबा कसा असतो ते सांगते म्हणजे भीती जाईल. पणजी मार्केटातून विसवण मासे पॅक करून पुण्याला नेतात ना, तसला पांढरा थर्माकोलचा डबा, आत जेलचे आइस पॅक नाहीतर ड्राय आइस, मध्ये एक झिप पाऊच आणि पाऊचमध्ये करंगळीच्या पेराएवढी प्लास्टिकची व्हायल. एवढ्या मोठ्या डब्यातून एवढीशी वस्तू! व्हायलमध्ये बघितलं तर काहीच दिसत नाही. दहा मायक्रोग्रॅम म्हणजे मिठाच्या एका कणापेक्षाही कमी, सुकवून पांढुरकी पापडी केलेली, ती प्रवासात उडून झाकणाला चिकटते म्हणून उघडायच्या आधी सेंट्रिफ्यूजमध्ये एक गिरकी द्यायची. मी पहिल्यांदा दिली नव्हती. झाकण उघडलं, हजारो रुपयांचं प्रोटीन माझ्या ग्लोव्हवर, आणि मॅडम दारात.

धोक्याचं म्हणाल तर त्या व्हायलमध्ये पेशी नाही, व्हायरस नाही, जिवंत काहीच नाही. कॅन्सर त्यातून "लागत" नाही. ग्लोव्हज ती घालते ते जितकं तिच्यासाठी तितकंच प्रोटीनसाठी, कारण आपल्या बोटांवरच्या घामातली एन्झाइम्स त्या बिचाऱ्याचे तुकडे करू शकतात. तिची काळजी करायचीच असेल तर लिक्विड नायट्रोजनची करा, आणि वेळेवर जेवते का त्याची.

प्रश्न: वय ६८. पीएसए ६.२ आलं, डॉक्टर पुढच्या तपासण्या सांगतात. भाच्याने नेटवर दाखवलं की शुद्ध "ह्युमन पीएसए प्रोटीन" विकत मिळतं. कोविडच्या वेळी व्हायरसचं प्रोटीन वापरून लस केली तसं हे थोडं टोचून घेतलं तर शरीर कॅन्सरविरुद्ध तयार होणार नाही का? – एक काका, फोंडा

काका, आधी त्या भाच्याच्या हातातला मोबाइल काढून घ्या.

त्या व्हायलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे फक्त संशोधनासाठी, माणसावर वापरायचं नाही. ते वकिली भाषेतलं वाक्य वाटतं पण त्याला अर्थ आहे, ते प्रोटीन औषधाच्या नियमाने बनवलेलं नसतं, बॅक्टेरियातून आलं असेल तर त्यात एंडोटॉक्सिनचे, म्हणजे बॅक्टेरियाच्या भिंतीतल्या विषाचे, अंश असू शकतात, जे रक्तात गेले तर थंडी वाजून ताप, बीपी ढासळणं असलं काहीही होऊ शकतं. टोचायचं नाही म्हणजे नाही.

पण तुमची कल्पना खुळी नाही हं, मोठमोठ्या लोकांनी तीच लढवून बघितलीय. कोविडचं प्रोटीन शरीराला परकं होतं, पीएसए घरचं. तुमच्या शरीराने ते जन्मभर बघितलंय, त्याच्यावर भुंकायचं नाही हे रोगप्रतिकारशक्तीला पाठ आहे. म्हणून नुसतं प्रोटीन देऊन भागत नाही, भोवती आरडाओरडा करणारं काहीतरी लागतं. प्रोस्टव्हॅक नावाच्या लसीत पीएसएचा जीन देवीच्या लसीतल्या आणि कोंबड्यांच्या देवीच्या व्हायरसवर बसवून दिला होता, सुरुवातीला आशा वाटली, मग तिसऱ्या टप्प्याच्या मोठ्या चाचणीत पेशंट जास्त जगतात असं काही दिसलं नाही आणि २०१७ मध्ये ती थांबवली. दुसरी कथा थोडी बरी. प्रोस्टेटचंच आणखी एक प्रोटीन आहे, पीएपी, म्हणजे प्रोस्टॅटिक अ‍ॅसिड फॉस्फटेज, १९३० च्या दशकापासून माहीत असलेलं, पीएसएच्या आधी रक्तात तेच मोजायचे. त्याचं रिकॉम्बिनंट रूप रोगप्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या एका प्रोटीनला जोडलं, पेशंटच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेर काढून त्यात भिजवल्या आणि परत त्याच पेशंटला दिल्या. सिप्युल्युसेल-टी असं नाव, अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळाली. फायदा किती, तर पसरलेल्या कॅन्सरमध्ये आयुष्य सरासरी चारेक महिन्यांनी वाढलं. म्हणजे एवढी यातायात करून, माणसाच्या स्वतःच्या पेशी बाहेर नेऊन आणून, चार महिने. नेटवरून मागवलेल्या व्हायलने काय होणार सांगा.

आणि ६.२ म्हणजे कॅन्सर असं कोणी म्हटलंय? ४ ते १० च्या मधल्या आकड्यात बायॉप्सी केली तर साधारण चौघांतल्या एकाला कॅन्सर सापडतो, म्हणजे तिघांना नाही. वयाने प्रोस्टेट वाढलेली असते, युरिनचं इन्फेक्शन असतं, कॅथेटर लावलेला असतो, आदल्या दिवशी लांब सायकल मारलेली असते, या सगळ्यानी आकडा वर जातो. प्रोस्टेट वाढली म्हणून फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड चालू असेल तर उलट, सहा महिने-वर्षभरात आकडा निम्म्यावर येतो आणि माणूस उगाच खूश होतो, तेव्हा कुठल्या गोळ्या घेता ते डॉक्टरांना सांगाच. १९७० मध्ये प्रोस्टेटच्या अँटिजेनवर काम केलेल्या रिचर्ड अ‍ॅब्लिन यांनीच २०१० मध्ये पेपरात लिहिलं की सरसकट सगळ्या पुरुषांची पीएसए स्क्रीनिंग करणं ही चूक आहे. अमेरिकेच्या सरकारी तज्ञ समितीने २०१२ मध्ये स्क्रीनिंग नकोच म्हटलं, २०१८ मध्ये थोडं मागे येऊन ५५ ते ६९ वयाच्या माणसाने डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावं असं म्हटलं. माझं मत विचाराल तर टेस्ट वाईट नाही, तिच्या एका आकड्यावर घाबरून रात्रभर जागणं वाईट. तुमचे डॉक्टर पुढची तपासणी सांगतायत ना, मग ती करा.

प्रश्न: बाबांचं पीएसए एका लॅबमध्ये ४.३ आणि आठवड्याने दुसऱ्या लॅबमध्ये ५.३. एकच माणूस, एकच रक्त. कोणाची मशीन बिघडलीय? – मडगाव

कदाचित कोणाचीच नाही. मासळी बाजारात दोन काटे असले तरी दोन्हींखालचं किलोचं वजन एकाच ठिकाणून पास होऊन येतं, पीएसएचं तसं पुष्कळ वर्षं नव्हतं. प्रत्येक किटवाल्याचं स्वतःचं वजन. मग १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक प्रमाण नमुना ठरवला, त्यात ९० टक्के पीएसए दुसऱ्या प्रोटीनला बांधलेलं आणि १० टक्के मोकळं, कारण रक्तात साधारण तसंच असतं. गंमत म्हणजे तो नमुना रिकॉम्बिनंट नव्हे, माणसाच्या वीर्यातून शुद्ध केलेल्या पीएसएचा आहे. तिथे ते रक्तापेक्षा लाखो पटीने जास्त असतं ना, म्हणून काढायला सोपं. पण हायब्रिटेक या किट कंपनीच्या जुन्या वजनावर चालणाऱ्या टेस्टही अजून आहेत आणि डब्ल्यूएचओच्या वजनावर तोच नमुना साधारण २० ते २५ टक्के कमी दाखवतो. तुमच्या बाबांच्या दोन आकड्यांतला फरक जवळपास त्याच मापाचा आहे, बघा.

दुसरं, केस गळतात म्हणून बायोटिनच्या जास्त पॉवरच्या गोळ्या हल्ली सगळेच खातात. काही किटमध्ये बायोटिनच्याच जोरावर अँटिबॉडी पकडून ठेवलेली असते, तिथे रक्तात बायोटिन उतू जात असेल तर पीएसए खोटं कमी येतं. रक्त द्यायच्या आधी विचारा. आणि पुढच्या वेळी एकच लॅब धरून ठेवा.

प्रश्न: सासऱ्यांना पीएसएमए पेट स्कॅन सांगितलाय. हे पीएसएच ना, एक अक्षर जास्त? – म्हापसा

नाही हो, नावं ठेवणाऱ्यांनी गोंधळ केलाय. पीएसए २३७ अमिनो आम्लांचं, पेशीबाहेर टाकून दिलेलं. पीएसएमए ७५० चं, पेशीच्या कातडीत रुतून बसलेलं, आणि त्याचं काम वेगळंच, फोलेट सोडवून घेण्याचं. प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवर ते खूप वाढतं आणि रुतलेलं असल्यामुळे त्याला खुंटी समजून काहीतरी अडकवता येतं: किरणोत्सारी गॅलियम अडकवलं की स्कॅनमध्ये पेशी चमकतात, ल्युटेशियम अडकवलं की पेशी मरतात. ल्युटेशियमच्या औषधाला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. मात्र नावात प्रोस्टेट असलं तरी हे लाळग्रंथी, किडनी, छोटं आतडं इथेही असतं, म्हणून ल्युटेशियम घेतलेल्यांचं तोंड कोरडं पडतं. स्कॅनने नाही पडत, घाबरू नका.

प्रश्न: ताळगाव पठारावरून, गोवा विद्यापीठातून लिहितोय, एमएस्सीचा प्रोजेक्ट. आमच्याकडे केएलके-३ च्या दोन व्हायल आहेत, एक ई. कोलायमधली, एक एचईकेमधली. जेलवर पहिलीची बँड २६-२७ किलोडाल्टनला येते, दुसरीची ३३ च्या आसपास. आणि सबस्ट्रेट (एन्झाइमने कापला की पिवळा होणारा पदार्थ) घातला की दोन्हीमध्ये पिवळा रंग येतच नाही. सर म्हणतात माल खराब, परत पाठवा. मॅडम, काय करू? – एक विद्यार्थी

बाळा, परत पाठवू नकोस, आधी डेटाशीट नीट वाच. माझ्या अनुभवात दहातली आठ भांडणं तिथेच मिटतात.

बँडचं सोपं आहे. जेलमध्ये प्रोटीन वजनाप्रमाणे वेगळी होतात, जड ते मागे राहतं. अमिनो आम्लांचं वजन २६ किलोडाल्टनच्या आसपास, एचईकेवाल्यावर साखरेची साखळी आहे, त्यामुळे ते जेलमध्ये रेंगाळतं आणि ३३ ला दिसतं. वर साखळी आहे याची खात्री करायची असेल तर पीएनगेज एफ लावून ती कापून बघ, बँड खाली सरकेल. दोन्ही व्हायल बरोबर आहेत, पहिला लेंग्या-शर्टातला, दुसरा मुकुटवाला (वर पहिल्या प्रश्नातल्या, साखळी गावच्या ताईंना दिलेलं उत्तर वाच).

आता पिवळा रंग. डेटाशीटवर कुठून कुठपर्यंतचा तुकडा घेतलाय ते आकडे बघ. पूर्ण केएलके-३ जन्मतो तेव्हा २६१ अमिनो आम्लांचा असतो, त्यातली पहिली १७ पेशीबाहेर पडायचा पास म्हणून, ती दारातच कापली जातात, पुढची सात म्हणजे म्यान. २५ व्या जागेवरचं आयसोल्युसिन मोकळं झालं की मगच ती तलवार. तुझ्या व्हायलवर १८ ते २६१ लिहिलं असेल तर तू म्यानातल्या तलवारीने भाजी कापतोयस. शरीरात हे म्यान त्याचाच चुलतभाऊ केएलके-२ आणि आणखी एखाद-दोन एन्झाइम्स काढतात, लॅबमध्ये थर्मोलायसिन वापरतात, ठरलेला वेळ ठेवून मग फिनँथ्रोलीनने त्याचं काम थांबवायचं, नाहीतर तेच सगळं खाऊन टाकतं. आणि २५ ते २६१ लिहिलंय पण सहा हिस्टिडिनचा टॅग (प्रोटीन शुद्ध करायला सोपं जावं म्हणून जोडलेला तुकडा) पुढच्या टोकाला लावलाय, असं असेल तर मात्र ते कधीच चालणार नाही. तो आयसोल्युसिन मोकळा राहून आत वळून बसल्याशिवाय कात्रीचं पातंच तयार होत नाही, आणि त्याच्या डोक्यावर तू शेपूट बांधलंयस. टॅग मागच्या टोकाला असेल तर चालतं.

ई. कोलायच्या व्हायलची मला वेगळीच शंका आहे. या प्रोटीनमध्ये पाच डायसल्फाइड बंध, म्हणजे घडी धरून ठेवणारे टाके, असतात, बॅक्टेरियाच्या पोटात ते जुळत नाहीत आणि घाईत पिठलं केल्यावर होतात तशा प्रोटीनच्या गुठळ्या होतात. त्या युरियात विरघळवून परत घडी घालतात, पण घडी बरोबर बसेलच असं नाही. वेस्टर्न ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रोटीन ओळखायची पद्धत) बँड दाखवायला, अँटिबॉडी बनवायला, किट तपासायला ते उत्तम. एन्झाइम म्हणून वापरायला नको. म्हणजे कंपनीने फसवलेलं नाही, सरांनी वेगळ्या कामाची वस्तू मागवलीय (हे सरांना जरा सांभाळून सांग).

आणखी एक, तुझा सबस्ट्रेट जिवंत आहे का ते आधी कायमोट्रिप्सिन हे पचनातलं एन्झाइम घालून बघ. पीएसए त्याच जातीची कात्री आहे पण फार आळशी, टायरोसिनसारख्या काही मोजक्या अमिनो आम्लांपाशी कापते आणि तेही सावकाश, त्यामुळे पाच मिनिटांत पिवळं होईल ही आशा सोड, ४०५ नॅनोमीटरला प्लेट लावून तासभर बस. बफरमध्ये मीठ वाढवलं तर वेग वाढतो. झिंक मात्र अजिबात नको, झिंक याला गप्प बसवतं, आणि प्रोस्टेटमध्ये झिंक भरपूर असतं तेही बहुतेक याच्यासाठी, घरात कात्री उघडी पडू नये म्हणून.

हे सगळं कॅन्सरच्या कामात कशाला, असं तुला व्हायव्हामध्ये विचारतील म्हणून सांगते. रक्तात आलेलं पीएसए चालू नसतं, अँटिकायमोट्रिप्सिन नावाचं प्रोटीन त्याला मुसकं घालतं, आणि मोकळं सापडतं तेही बहुतेक बिघडलेलं. पण गाठीच्या आसपास ते चालू असतं. मग काही लोकांनी असं डोकं लढवलं की विषारी औषधाला पीएसए कापेल असा छोटा पेप्टाइड (प्रोटीनचा बारीक तुकडा) बांधून द्यायचं, रक्तातून जाताना ते गप्प, गाठीपाशी पोचलं की पीएसएच पेप्टाइड कापून औषध मोकळं करणार. असा पेप्टाइड नीट कापला जातो की नाही हे तपासायला चालू स्थितीतलं रिकॉम्बिनंट पीएसए लागतं. शिवाय ते आयजीएफबीपी-३ नावाचं प्रोटीन कापतं, त्याने आयजीएफ हे पेशींच्या वाढीला चालना देणारं प्रोटीन मोकळं होतं, म्हणजे पीएसए नुसता आकडा नसून गाठीच्या वाढीला हातभारही लावत असेल का, हा वाद आहे. त्यासाठीही चालणारी कात्रीच लागते, गंजकी नाही.

शेवटचं, पठारावर वीज कशी असते ते मी तुला सांगायला नको. मी एका लॅबमध्ये होते, नाव नको, जूनचा दुसरा आठवडा, शुक्रवारी रात्री वीज गेली आणि जनरेटरचं डिझेल भरायचं कोणाच्याच लक्षात नाही. आमचं सगळं केएलके-३ एकाच ट्यूबमध्ये होतं कारण मला वाटलं रोज थोडं थोडं काढू. सोमवारी सकाळी फ्रीझरचं दार उघडलं तर खाली पाण्याचं थारोळं, ट्यूब पाण्यावर तरंगतेय, आणि कोणीतरी शनिवारी वीज आल्यावर न बघता बटण चालू करून गेलेलं, म्हणजे एकदा वितळून परत गोठलेलं, वर पुन्हा वितळलेलं. ते मी तीन दिवस तपासत बसले, निम्मी अ‍ॅक्टिव्हिटीही उरली नव्हती. तेव्हा आल्या दिवशीच दहा-दहा मायक्रोलिटरचे अलिकॉट, म्हणजे छोटे वाटे कर, प्रत्येकावर तारीख घाल. फार पातळ करू नकोस, पातळ प्रोटीन ट्यूबच्या भिंतीला चिकटून संपतं, करायचंच असेल तर थोडं बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घाल. आणि अर्धे अलिकॉट दुसऱ्या बिल्डिंगमधल्या फ्रीझरमध्ये ठेव.

प्रश्न: सगळं उंदरांवर करतात ना, मग उंदराचंच प्रोस्टेट प्रोटीन का वापरत नाहीत? आणि आमचा कुत्रा म्हातारा झालाय, लघवीला त्रास होतो, त्याची पीएसए टेस्ट होईल का? – काणकोण

उंदराकडे पीएसएचा जीनच नाही. प्रोस्टेट आहे, पीएसए नाही, म्हणून उंदरावर काम करायचं तर माणसाचा जीन त्याच्यात घालावा लागतो नाहीतर माणसाच्या कॅन्सरच्या पेशी त्याच्या अंगात वाढवाव्या लागतात. हे प्रोटीन माणूस आणि त्याच्या जवळच्या माकड-भाऊबंदांचंच.

कुत्र्याचं विशेष म्हणजे माणसाप्रमाणे त्यालाही आपोआप प्रोस्टेटचा कॅन्सर होतो, जे प्राण्यांत क्वचितच दिसतं. पण पीएसए त्याच्याकडेही नाही, त्याच्या प्रोस्टेटमध्ये अर्जिनिन एस्टरेज नावाचं वेगळं एन्झाइम असतं. त्यामुळे माणसाच्या किटवर त्याचं रक्त लावून काही कळणार नाही, पैसे वाया. म्हाताऱ्या, नसबंदी न केलेल्या कुत्र्यांत प्रोस्टेट नुसती वाढलेली असणंच जास्त वेळा दिसतं. व्हेटकडे न्या, ते बोटाने तपासतील आणि सोनोग्राफी करतील. जाताना तोंडाला मुसकं बांधा, बोटाने तपासणी कुठून होते ते त्याला आधी माहीत नसतं.